बाजूला राहिलेला रिसीव्हर

पूर्वी शाळेत एकच दूरध्वनी असे, तोही मुख्याध्यापकांच्या टेबलावर. एखाद्या दिवशी बाहेरून कोणीही फोन करो, तो 'एंगेज' लागे. पहिला तास संपला, मधली सुट्टी झाली, तरी एंगेजच. मग कोणीतरी सायकलवरून निरोप घेऊन येई आणि उलगडा होई. बोलणारे गृहस्थ बोलून केव्हाच निघून गेलेले असत, पण रिसीव्हर जागेवर न ठेवता हजेरीपटांच्या गठ्ठ्यावर आडवा ठेवून गेलेले असत. फोन बिघडलेला नसे, तारही तुटलेली नसे. संभाषण संपलेले असे. ते संपल्याचे एक्स्चेंजला मात्र कोणी कळवलेले नसे.

गो या संगणकभाषेत लिहिलेले, डेटाबेसशी बोलणारे प्रोग्रॅम अडून बसतात त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. प्रोग्रॅम डेटाबेसला प्रश्न विचारतो, उत्तर येते, त्यातले हवे तेवढे वाचून होते. पण उत्तर ज्या जोडणीवरून आले ती जोडणी परत करायची राहून जाते. अशा जोडण्या एकामागून एक अडकत जातात आणि शेवटी प्रोग्रॅम थांबतो. कोणतीही चूक दाखवत नाही, नुसता थांबतो. जाणकार मंडळी अशा वेळी एका वाक्यात निकाल देऊन मोकळी होतात: 'क्लोज करायला विसरलात.' हे खरेच आहे. पण तेवढ्यावर थांबणे आम्हाला पटत नाही. जी चूक शिकाऊ माणूस करतो आणि मुरलेला माणूसही करतो, ती केवळ विसराळूपणाची म्हणून सोडून देता येत नाही. ज्या पॅकेजमधून ही सोय मिळते त्याच्या घडणीतच चूक घडू देण्याचा आणि घडलेली चूक झाकून ठेवण्याचा गुण आहे. आणि आम्ही शिकवणारे त्यात आपला वाटा घालतो. या लेखात टीका करायची आहे ती या दोन्हींवर.

गो भाषेची थोडी ओळख आधी करून देतो. गूगलमध्ये रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन टॉम्प्सन यांनी २००७ साली तिची आखणी सुरू केली. यांपैकी टॉम्प्सन म्हणजे डेनिस रिची यांच्यासह युनिक्स घडवणारे. भाषा नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर झाली आणि मार्च २०१२ मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती निघाली. मोजके नियम, झटपट होणारे भाषांतर आणि एकाच वेळी अनेक कामे चालवण्याची सोपी सोय, या गुणांमुळे ती सर्व्हरच्या कामात लोकप्रिय झाली. मराठी शिक्षकांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट म्हणजे तिच्यात चलांना देवनागरी नावे देता येतात. अर्थात अर्धवटच! नावात युनिकोडची अक्षरे चालतात, पण आपल्या काना, मात्रा, वेलांटीला युनिकोड अक्षर मानत नाही, खूण मानतो. त्यामुळे 'ओळ' हे नाव चालते, 'ओळी' चालत नाही. आम्ही वर्गात डेटाबेसच्या उत्तराला 'ओळ' हेच नाव देतो. पुढेही तेच वापरू.

आता मूळ विषय. गोच्या प्रमाण साहित्यात 'डेटाबेस/एसक्यूएल' नावाचे एक पॅकेज आहे. त्यात 'ओपन' म्हटले की डेटाबेस उघडतो, असा नवशिक्याचा समज होतो. प्रत्यक्षात 'ओपन' एकही जोडणी करत नाही. ते फक्त जोडण्यांचा एक साठा तयार ठेवते, आणि तो सुरुवातीला रिकामा असतो. पहिला प्रश्न विचारला की पहिली जोडणी तयार होते. काम झाले की ती साठ्यात परत येते आणि पुढच्या प्रश्नाला तीच वापरली जाते. एक जोडणी गुंतलेली असताना दुसरा प्रश्न आला, तर दुसरी जोडणी तयार होते. डेटाबेसशी नवी जोडणी करणे खर्चाचे काम आहे. पोस्टग्रेस तर प्रत्येक जोडणीसाठी एक वेगळी प्रक्रियाच चालू करतो. म्हणून हा साठा. कल्पना उत्तम आहे, यात शंका नाही.

'क्वेरी' या फंक्शनने प्रश्न विचारला की हाती येते ती 'ओळ'. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. 'ओळ' म्हणजे उत्तर नव्हे. उत्तर वाचण्याचे ते दार आहे. 'नेक्स्ट' म्हटले की एक ओळ पुढे येते, 'स्कॅन' म्हटले की ती आपल्या चलांमध्ये उतरते. उत्तर लाखभर ओळींचे असले तरी सगळे एकदम मेमरीत आणावे लागत नाही. एकेक ओळ वाचत जाता येते. पण यामुळेच, वाचन पुरे होईपर्यंत किंवा 'क्लोज' म्हणेपर्यंत, ती जोडणी आपल्याकडे गुंतलेली राहते. निम्मे उत्तर तारेवर वाट पाहत असताना त्याच तारेवरून दुसरा प्रश्न विचारता येणार नाही, हे उघड आहे.

ओळी संपल्या की 'नेक्स्ट' नकार देते आणि त्याच क्षणी 'ओळ' आपोआप बंद होते. जोडणी साठ्यात परत जाते. ही सोय दिसायला चांगली आहे. आमच्या मते सगळ्या घोटाळ्याचे मूळ तीच आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी आमच्यावर गुदरलेला एक प्रसंग सांगावा लागेल.

आमच्या विज्ञान मंडळाने तालुका विज्ञान प्रदर्शनाच्या नावनोंदणीसाठी एक छोटा प्रोग्रॅम करायचे ठरवले. बारावीतल्या एका मुलीने तो गो भाषेत लिहिला. डेटाबेस पोस्टग्रेस. सर्व्हरवर आमच्या वाट्याला जोडण्या थोड्याच असल्याने साठ्याला दहाची मर्यादा घातली होती. शिक्षकाने शाळेचे आणि प्रयोगाचे नाव भरायचे आणि कळ दाबायची. प्रोग्रॅम आधी पाहणार की हा प्रयोग नोंदवलेला आहे का. असल्यास 'नोंद झालेली आहे' असे सांगणार, नसल्यास नोंद करणार. आम्ही आठ दिवस तपासणी केली. निरनिराळी नावे भरून पाहिली, सर्व काही सुरळीत चालले.

नोंदणीच्या दिवशी सकाळी तासभर प्रोग्रॅम छान चालला. मग तो थांबला. पान उघडेना, नुसते चक्र फिरत राही. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला, तर ठीक. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. कोणी म्हणाले इंटरनेट संथ आहे, कोणी म्हणाले सर्व्हर लहान पडतो. आम्हीही अंदाज केला, आणि तो सर्वांत वाईट होता. चार शाळांच्या शिक्षकांसमोर आम्ही त्या मुलीला म्हणालो, "तपासून द्यायला काय झालं होतं?" ती काही बोलली नाही. उरलेली नोंदणी कागदावर झाली.

संध्याकाळी कारण सापडले. प्रयोग आधी नोंदवलेला आहे का, हे पाहणाऱ्या फंक्शनमध्ये तिने प्रश्न विचारला होता आणि 'नेक्स्ट' म्हटले होते. ओळ मिळाली तर तिथूनच 'नोंद झालेली आहे' असे सांगून फंक्शन परत फिरत होते. ओळ न मिळाल्यास पुढे जात होते. आता पाहा. नाव नवे असेल तर 'नेक्स्ट' नकार देते, आणि नकाराबरोबर जोडणी आपोआप परत जाते. नाव जुने असेल तर 'नेक्स्ट' होकार देते, फंक्शन परत फिरते, आणि जोडणी तशीच राहते. म्हणजे हा दोष फक्त एकाच परिस्थितीत प्रकट होत होता: कोणीतरी तीच नोंद दुसऱ्यांदा केली तर. आम्ही आठ दिवस नवी नवी नावे भरली होती. खऱ्या जगात माणसे कळ दोनदा दाबतात. दहा वेळा कोणीतरी दोनदा दाबली की दहाही जोडण्या संपत होत्या. त्यातून प्रोग्रॅम अडला की माणसे अधिकच वेळा कळ दाबत.

हे सगळे समजल्यावर ती मुलगी एवढेच म्हणाली, "सर, तुम्ही दिलेल्या कागदावर क्लोज नव्हतं."

नव्हतेच. आम्ही वाटलेल्या नमुन्याच्या कागदावर ओपन होते, क्वेरी होती, लूप होते, छपाई होती. लूप दर वेळी शेवटपर्यंत जाणारे असल्याने तो नमुना अगदी बिनचूक चालत असे. तिने त्यातले लूप काढले, कारण तिला एकच ओळ हवी होती. यात तिचे काय चुकले?

आता टीकेचा मुद्दा स्पष्ट होईल. पॅकेजच्या कर्त्यांनी 'वाचन पूर्ण झाले तर आम्ही बंद करू, अर्धवट सोडले तर तुम्ही बंद करा' अशी विभागणी केली आहे. अधिकृत दस्तऐवजात ती लिहिलेली आहे आणि तिथल्या उदाहरणात 'क्लोज'ही आहे. तेव्हा लपवाछपवी केली असे कोणी म्हणू नये. पण या विभागणीचा परिणाम काय होतो? 'क्लोज' न लिहिलेला प्रोग्रॅम सर्वसाधारण वाटेवर बरोबर चालतो. आडवाटेवरच तो चुकतो: लूपमधून मध्येच बाहेर पडल्यावर, 'स्कॅन'ने चूक दिल्यावर. आणि आडवाटा तपासणीत सर्वांत कमी वेळा चालल्या जातात. फायदा नेहमीचा आणि नुकसान क्वचितचे असले की सवय कोणती लागणार, हे शिक्षकांना सांगायला नको. 'क्लोज' प्रत्येक वेळी सक्तीचेच असते, ते न लिहिता एकही प्रोग्रॅम धड चालला नसता, तर पहिल्याच तासाला सर्वजण ते शिकले असते.

दुसरा आक्षेप मर्यादेबद्दल. आपण काही सांगितले नाही तर या साठ्यातल्या जोडण्यांना वरची मर्यादाच नसते. मर्यादा घालण्याची सोय गो १.२ या आवृत्तीत, म्हणजे डिसेंबर २०१३ मध्ये आली. तोवर 'जुना प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत तसाच चालला पाहिजे' हे गोचे प्रसिद्ध वचन अमलात आले होते, त्यामुळे न सांगता लागू होणारी मर्यादा 'अमर्याद' हीच ठेवावी लागली. वचन चांगले आहे, त्याची ही किंमत आहे. अमर्याद साठ्यात गळती झाली तर प्रोग्रॅम नव्या जोडण्या करत राहतो आणि कोणालाच काही कळत नाही. कळते ते डेटाबेसला. पोस्टग्रेसमध्ये न बदलल्यास १०० जोडण्यांची मर्यादा असते, मायएसक्यूएलमध्ये १५१. ती गाठली की डेटाबेस नव्या जोडणीला नकार देतो, आणि त्याच डेटाबेसवर चालणारे दुसरे, निर्दोष प्रोग्रॅमही त्या नकाराला सामोरे जातात. चूक एकाची, ओरड दुसऱ्याची.

मर्यादा घातली तर निराळीच अडचण. साठा संपला की पुढचा प्रश्न रांगेत उभा राहतो, आणि वेळेचे बंधन घातलेले नसेल तर उभाच राहतो. चूक नाही, इशारा नाही, प्रोसेसरवर भार नाही. रांगेत थांबणे हे निरोगी साठ्यातही घडते हे मान्य. क्षणभर थांबून काम होत असेल तर आरडाओरडा कशाला? पण क्षणभराचे थांबणे आणि कायमचे थांबणे यांतला फरक ओळखण्याचे साधनही पॅकेजने उशिरा दिले. साठ्याची आकडेवारी देणारे 'स्टॅट्स' हे फंक्शन गो १.५ मध्ये, २०१५ साली आले, पण ते एकूण किती जोडण्या उघड्या आहेत एवढेच सांगे. त्यांतल्या किती गुंतलेल्या, किती मोकळ्या आणि किती जणांना थांबावे लागले, हे आकडे गो १.११ मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०१८ मध्ये मिळू लागले. मधली वर्षे लोकांनी अंदाजावर काढली.

येथे विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतात. गोमध्ये निरुपयोगी मेमरी गोळा करणारी यंत्रणा आहे. मग टाकून दिलेली 'ओळ' ती का उचलत नाही? ती मेमरी उचलते, जोडणी परत करत नाही. गोमधल्या फाइलींना यंत्रणेने उचलताना बंद होण्याची एक मागची सोय आहे, पण 'ओळ'ला तशी नाही. आणि असती तरी तिच्यावर विसंबता आले नसते, असे आम्हाला वाटते. ही यंत्रणा मेमरी किती भरली ते पाहून कामाला लागते, जोडण्या किती उरल्या ते पाहून नव्हे. मेमरी मुबलक आणि जोडण्या दहा, अशा स्थितीत ती आरामात बसून राहील. तेव्हा या एका बाबतीत आम्ही पॅकेजच्या बाजूने आहोत.

गोचा स्वतःचा उपाय 'डिफर' हा आहे, आणि तो सुंदर आहे. 'डिफर' लिहिलेले काम फंक्शन संपताना होते, मग ते कोणत्याही वाटेने संपो. म्हणजे दार उघडण्याच्या ओळीखालीच ते लावण्याची आज्ञा लिहून ठेवायची आणि पुढचे निर्धास्तपणे लिहायचे. 'क्लोज' दोनदा झाले तरी काही बिघडत नाही, त्यामुळे आपोआप बंद होणाऱ्या वाटेवरही 'डिफर' निरुपद्रवी असते. क्रम मात्र सांभाळावा लागतो. आधी 'क्वेरी'ने चूक दिली का ते पाहायचे, मग 'डिफर'. उलट केले तर प्रश्नच चुकीचा असताना 'ओळ' रिकामी असते, आणि रिकाम्याला बंद करायला गेलेला प्रोग्रॅम कोसळतो.

'डिफर'लाही एक खोच आहे. ते फंक्शनच्या शेवटी चालते, लूपच्या फेरीच्या शेवटी नव्हे. साठ विद्यार्थ्यांसाठी साठ फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत एक प्रश्न, त्यातली पहिलीच ओळ वाचून पुढे जायचे, असे लिहिले तर 'डिफर' असूनही साठ जोडण्या फंक्शन संपेपर्यंत गुंतून राहतील. मर्यादा दहाची असेल तर अकराव्या फेरीत प्रोग्रॅम आपल्याच हातातल्या जोडण्यांची वाट पाहत बसेल. फेरीतले काम वेगळ्या फंक्शनमध्ये काढावे, म्हणजे प्रश्न सुटतो. एकच ओळ हवी असेल तर मुळात 'क्वेरीरो' वापरावे. त्यावरचे 'स्कॅन' जोडणी स्वतःच परत करते. आमच्या विद्यार्थिनीला हे एक फंक्शन माहीत असते तर तो दिवस निभावला असता. पण तेही कागदावर नव्हते. आणि नोंद बदलणे किंवा पुसणे यांसारख्या, ओळी परत न देणाऱ्या आज्ञांसाठी 'एक्झेक' आहे. तिथे 'क्वेरी' वापरून उत्तर फेकून देणारे लोक पुष्कळ आहेत. नोंद बदलते, म्हणून सगळे ठीक वाटते. जोडणी मात्र अडकलेली असते, आणि तिला बंद करायला हातात नावसुद्धा नसते.

एक प्रकार असाही आहे की ज्यात कोणीच काही विसरलेले नसते. शाळांची यादी वाचत असताना, लूपच्या आत, प्रत्येक शाळेच्या प्रयोगांसाठी दुसरा प्रश्न विचारला. बाहेरची 'ओळ' उघडी आहे, म्हणजे एक जोडणी तिच्याकडे. आतल्या प्रश्नाला दुसरी हवी. दहा जण एकाच वेळी हे पान उघडतील तर दहाही जोडण्या बाहेरच्या याद्यांकडे जातील आणि दहाही जण अकराव्या जोडणीची वाट पाहत थांबतील. प्रत्येकाने 'डिफर' लिहिलेले आहे, पण फंक्शन संपणारच नाही. यावर मर्यादा वाढवणे हा उपाय नव्हे. अकरा जण आले की पुन्हा तेच. दोन्ही तक्ते जोडणारा एकच प्रश्न विचारावा, किंवा बाहेरची यादी आधी पूर्ण वाचून, बंद करून, मग आत शिरावे.

थांबलेला प्रोग्रॅम समोर असताना काय करावे, हे आता सांगतो. पहिला मोह तो बंद करून पुन्हा सुरू करण्याचा होतो. तसे करू नये, पुरावा नष्ट होतो. आम्ही तीनदा नष्ट केला. लिनक्सवर कंट्रोल कळ आणि उलटी तिरकी रेघ एकत्र दाबली तर गोचा प्रोग्रॅम संपता संपता आपल्या सर्व चालू कामांची जबानी छापतो. त्यात 'डेटाबेस/एसक्यूएल'च्या 'कॉन' या फंक्शनात पुष्कळ कामे थांबलेली दिसली की साठा संपला आहे असे समजावे. मात्र या जबानीत अडकलेले लोक दिसतात, अडकवणारा दिसत नाही. त्याचे फंक्शन केव्हाच संपून गेलेले असते. रिसीव्हर ठेवून गेलेले गृहस्थ खोलीत कसे सापडणार?

तो सापडतो डेटाबेसकडे. म्हणून जबानीच्याही आधी पोस्टग्रेसमधला 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' हा तक्ता पाहावा. प्रत्येक जोडणी सध्या काय करते आणि तिच्यावरून शेवटचा प्रश्न कोणता विचारला गेला, हे त्यात असते. आम्हाला तिथे दहा जोडण्या दिसल्या. दहाही स्वस्थ बसलेल्या, आणि दहांचाही शेवटचा प्रश्न एकच: हा प्रयोग नोंदवलेला आहे का? पोस्टग्रेसच्या दृष्टीने त्याने उत्तर देऊन काम संपवले होते. गोच्या साठ्याच्या दृष्टीने त्या अजून वापरात होत्या. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यातली ही विसंगती पाहिल्यावर दोष कोणत्या फंक्शनात आहे ते शोधायला पाच मिनिटेही लागली नाहीत. उत्तर फार मोठे असेल आणि अर्धवट सोडले असेल, तर जोडणी स्वस्थ दिसत नाही; डेटाबेस उरलेले उत्तर घेण्याची वाट पाहत कामात असल्याचे दिसते. तिथेही शेवटचा प्रश्न वाचता येतोच.

प्रोग्रॅम चालू असतानाही लक्ष ठेवता येते. 'स्टॅट्स'मधला गुंतलेल्या जोडण्यांचा आकडा गर्दी नसताना शून्यावर यायला हवा. रात्री दोन वाजता तो तीन असेल तर तीन रिसीव्हर बाजूला आहेत. गो १.८ पासून, म्हणजे फेब्रुवारी २०१७ पासून, प्रश्नाला 'कॉन्टेक्स्ट' जोडता येतो. तो रद्द झाला की त्याच्यासोबतची 'ओळ'ही बंद होते, आणि रांगेत थांबलेला प्रश्न चूक देऊन परत येतो. वेबवरच्या विनंतीचा स्वतःचा कॉन्टेक्स्ट दिला, तर विनंती संपताच विसरलेली जोडणी परत मिळते. आमच्या प्रोग्रॅममध्ये एवढे जरी असते तरी नोंदणी पार पडली असती, आणि दोष न सापडता राहिला असता. ही सोय वापरावी, पण तिच्या जिवावर 'डिफर' सोडू नये.

'डिफर' राहिल्याचे प्रोग्रॅम न चालवताच दाखवणारी 'एसक्यूएलक्लोजचेक'सारखी साधने इतरांनी लिहिली आहेत. ती चांगली आहेत, पण अशी साधने लिहावी लागली हीच पॅकेजवरची टीका नव्हे काय? सी प्लस प्लसमध्ये वस्तूची व्याप्ती संपली की तिची आवराआवर आपोआप होते. जावानेही २०११ साली, सातव्या आवृत्तीत, उघडलेली वस्तू ठोकळ्याच्या शेवटी स्वतः बंद होईल अशी रचना आणली. गोचे पुरस्कर्ते म्हणतात की भाषेत जे घडते ते ओळीत लिहिलेले दिसले पाहिजे, पडद्यामागे काही घडू नये. या मताबद्दल आम्हाला आदर आहे. मग 'नेक्स्ट'ने नकार देताच पडद्यामागे घडणाऱ्या 'क्लोज'चे काय? ते लिहिलेले कुठे दिसते? पूर्णपणे हाताने किंवा पूर्णपणे आपोआप, यांपैकी काहीही चालले असते. गो १.२३ मध्ये, ऑगस्ट २०२४ मध्ये, फंक्शनवरून लूप चालवण्याची सोय भाषेत आली. तिच्या आधारे लूपमधून कसेही बाहेर पडले तरी दार लावणारी रचना करता येते. पोस्टग्रेससाठी लिहिलेल्या 'पीजीएक्स' या पॅकेजात तर सर्व ओळी गोळा करून, दार लावूनच हाती देणारे फंक्शन आहे. म्हणजे हे अशक्य नाही.

'क्लोज'च्या शेजारीच राहून जाणारी एक गोष्ट शिक्षकांच्या दृष्टीने अधिक घातक आहे. 'नेक्स्ट' नकार देते ते ओळी संपल्या म्हणून, किंवा मध्येच काही चूक झाली म्हणून. दोन्ही वेळा लूप सारखेच संपते. कोणत्या कारणाने संपले ते लूपनंतर 'एर' हे फंक्शन विचारून पाहावे लागते. ते न विचारल्यास साठ मुलांच्या गुणपत्रकातली चाळीस नावे छापली जातील आणि यादी पूर्ण असल्यासारखी दिसेल. थांबलेला प्रोग्रॅम निदान थांबलेला दिसतो.

वर्गात आम्ही आता एक प्रयोग करतो. प्रोग्रॅम तपासताना साठ्याची मर्यादा मुद्दाम एक ठेवतो. एकच जोडणी असल्यामुळे पहिलीच विसरलेली 'ओळ' दुसऱ्या प्रश्नाला अडवते, आणि नोंदणीच्या दिवशी दिसायचा दोष बाकावरच दिसतो. एकात एक प्रश्न विचारलेले असतील तर तेही लगेच उघड होतात. हा प्रयोग त्या मुलीनेच सुचवला. आम्ही चार शाळांसमोर बोललो होतो ते चार शाळांसमोर परत घेतले. पुढच्या सभेत, तिच्या उपस्थितीत.

नमुन्याच्या कागदाच्या प्रती मात्र तालुक्यातल्या आणि बाहेरच्याही काही शाळांत आधीच गेलेल्या आहेत. ज्यांच्याकडे तो असेल त्यांनी दुसऱ्या पानावर 'क्वेरी'च्या खाली, चूक तपासल्यानंतर आणि लूप सुरू होण्यापूर्वी, 'डिफर ओळ.क्लोज()' ही ओळ पेनाने लिहून घ्यावी. लूप संपल्यावर 'ओळ.एर()' विचारणारी ओळही तिथे नाही, तीही लिहावी.